बिननावाचा फोनो

आत्याच्या मिरजेच्या घरात माळ्यावर फोनो, म्हणजे तबकड्या वाजवणारं चावीचं यंत्र, आहे, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून ऐकून माहीत होतं. पाहिला मात्र कुणीच नव्हता. गेल्या वर्षी छपराची कौलं उतरवायची वेळ आली, माळा रिकामा करावा लागला, आणि एका विटलेल्या गोधडीत गुंडाळलेली लाकडी पेटी खाली आली. साधारण दीड फूट लांब-रुंद, फूटभर उंच. झाकण उघडलं तर आत हिरव्या बनातीची थाळी, शेजारी वाकलेली नळी आणि तिच्या टोकाला साउंडबॉक्स, म्हणजे पिनेच्या थरथरीचा आवाज करणारी डबी. समोरच्या बाजूला लाकडी पट्ट्यांची जाळी, तिच्यामागे अंधार. चावी एका फडक्यात बांधून आतच ठेवली होती. सोबत दहा तबकड्या आणि पिनांची गंजलेली डबी.

"एचएमव्हीचा आहे," आत्या म्हणाली. "अण्णांनी मुंबईहून आणवला होता."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. शाळेत मास्तर होते आणि संध्याकाळी पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवायचे. एचएमव्हीचा फोनो म्हटल्यावर मी आधी त्यांच्या चिन्हातला कुत्रा शोधला. झाकणाच्या आत नव्हता, थाळीखालच्या फळीवर नव्हता, साउंडबॉक्सवर नव्हता. नंबराची पट्टी नाही, कंपनीचं नाव नाही, देशाचं नाव नाही. कुठेच काही नाही. घरात तीन पिढ्या ज्याला एचएमव्ही म्हणत आल्या, त्याच्या अंगावर एक अक्षर नव्हतं.

घरोघरी असंच म्हणत, त्याचं कारण समजण्यासारखं आहे. एचएमव्ही, म्हणजे 'हिज मास्टर्स व्हॉइस', ही ग्रामोफोन कंपनीची छाप. त्या कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेझबर्ग १९०२ साली कलकत्त्याला येऊन गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित करून गेला, १९०८ साली कंपनीने सियालदहला तबकड्या काढायचा कारखाना घातला आणि १९२८ साली तो दमदमला मोठा केला. कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला तो कुत्रा इतक्या घरांत पोचला, की दिसेल तो फोनो कुत्र्याचाच झाला. डालडा म्हणजे वनस्पती तूप, तसं. पण मला आमचा फोनो कुणाचा आहे ते नेमकं हवं होतं. अण्णा मी सहा महिन्यांची असताना गेले. त्यांची म्हणावी अशी हीच एक वस्तू माझ्यासमोर होती.

सुरुवात मी चुकीच्या दारातून केली. पेटीचे फोटो घेऊन पुण्यात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेले. मालकांनी तीन फोटो पाहिले आणि म्हणाले, "नाव नाही ना? मग डुप्लिकेट. चोरबाजारात रोज बनतात असले. तीन हजार देतो, ठेवून जा." मी फोटो उचलले आणि बाहेर आले. दिवसभर मला वाईट वाटत राहिलं. पैशांचं नव्हे. तो माणूस खोटं बोलत असेल असंही मला वाटलं नाही, कारण बनावट फोनोंचा धंदा खरोखरच मोठा आहे. म्हणून आधी तोच प्रश्न निकालात काढायचं ठरवलं: आमचा फोनो बनावट आहे का?

बनावट फोनो कसा असतो, हे एकदा कळलं की विसरत नाही. त्याला बाहेर मोठा झळझळीत पितळी कर्णा असतो, कारण घेणाऱ्याला कर्णाच हवा असतो. पेटी सहा किंवा आठ बाजूंची, नव्या लाकडाला गडद रंग देऊन जुनी केलेली. पुढे कुत्र्याचा ठसठशीत बिल्ला. आत यंत्र कुठल्यातरी मोडक्या सुटकेसवजा फोनोतून काढून बसवलेलं. म्हणजे बनावट करणारा नाव कधीच विसरत नाही. नावावरच तर वस्तू खपते. आमच्या पेटीला बाहेर कर्णाच नाही, तो पेटीच्या पोटात आहे. अशा पेट्या १९०६ साली अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने व्हिक्ट्रोला काढल्यावर सगळीकडे रूढ झाल्या. दिसायला साध्या, दिवाणखान्यात शोभेला ठेवायला आज कुणी मागत नाही. असली पेटी, तीही बिनबिल्ल्याची, फसवणुकीसाठी कोण बनवेल? शिवाय सगळे स्क्रू एका खाचेचे होते, स्टार स्क्रू एकही नाही. स्टार स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यावर आले. एका खाचेचे स्क्रू आजही मिळतात, तेव्हा नुसत्या त्यावरून काही ठरत नाही. पण आमच्या स्क्रूंच्या खाचांत भरलेलं पॉलिश आणि त्याभोवतीचं लाकूड एकाच रंगाने काळवंडलं होतं. ते कधी निघालेच नव्हते.

मग जरा शिस्तीने बघायला लागले. वही केली. काय आहे आणि काय नाही, दोन्ही लिहायचं.

फोनोग्राफ की ग्रामोफोन, हा प्रश्न एका ओळीत मिटला. एडिसनचं १८७७चं यंत्र नळकांड्यावर आवाज कोरायचं, नळकांडी वाजवणारा तो खरा फोनोग्राफ. चपटी तबकडी बर्लिनरची, १८८७ची. आमच्यात थाळी आहे म्हणजे बर्लिनरच्या वंशातलं. मराठीत दोघांनाही फोनोच म्हणायची पद्धत पडली आणि मीही तेच म्हणत राहणार आहे. पाथे कंपनीच्या तबकड्यांत आवाजाची खाच वरखाली कोरलेली असे, त्यावर पिनेऐवजी नीलमण्याचा गोल मणी चाले, आणि साउंडबॉक्सचं तोंड तबकडीकडे वळलेलं असे. आमचा साउंडबॉक्स उभा, साध्या पोलादी पिनेचा. पाथे नाही.

एचएमव्ही नाही, हे ठरवायला मात्र एक संध्याकाळ लागली. नाव पुसलं गेलं असेल तर खूण राहते. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं चित्र निघून गेलं, तरी त्याखालचं पॉलिश वेगळं दिसतं. खोली अंधारी केली आणि मोबाइलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा फिरवला. असा प्रकाश पडला की केसाएवढा उंचसखलपणाही सावली टाकतो. झाकण सगळीकडून सारखं निघालं. तिथे कधीच काही चिकटलेलं नव्हतं. पुढच्या उजव्या कोपऱ्यात मात्र दोन बारीक भोकं आणि त्यांच्याभोवती किंचित उजळ लंबगोल दिसला. तिथे पत्र्याची छोटी पट्टी होती. बनवणारे आपलं नाव झाकणात किंवा थाळीजवळ टाकत. अशी कोपऱ्यात खिळ्यांनी ठोकलेली पट्टी बहुधा विकणाऱ्या दुकानाची असे. थाळीशेजारी वेग कमीजास्त करायची छोटी दांडी होती, तिच्या एका टोकाला एस आणि दुसऱ्या टोकाला एफ, स्लो आणि फास्ट. आकडे नाहीत. दांडीपाशी फळीवर दाभणाने ओढल्यासारखा एक सरळ ओरखडा होता. तो मी वहीत 'खराबी' या सदरात लिहिला.

वरून काही बोलेना, म्हणून आत जायचं ठरलं. इथे मी स्वतः हात घातला नाही, आणि कुणी घालू नये असं कळकळीने सांगते. फोनोची स्प्रिंग म्हणजे एका डब्यात कोंबलेली कित्येक हात लांब पोलादी पट्टी. ती डब्यातून सुटली तर बोटं कापते. सांगलीतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींना घेऊन आले. त्यांनी आधी चावी अर्धी देऊन थाळी पूर्ण थांबेपर्यंत फिरू दिली. फिरताना पोटातून अधूनमधून 'धप्प' असा आवाज यायचा. मी घाबरले, ते हसले. "ग्रीस वाळलंय आतलं. पट्टीचे पदर एकमेकांना चिकटतात आणि एकदम सुटतात. स्प्रिंग शाबूत आहे म्हणून आवाज येतोय, ताई." फोनो गप्प राहिला असता तर काळजी, हे मला त्या दिवशी कळलं.

थाळी उचलली, फळी काढली, उलटी केली. खाली काळ्या चिकट्याचा थर. त्याखाली दोन डब्यांची, म्हणजे दोन स्प्रिंगांची मोटर. वेग सांभाळणारा गव्हर्नर अगदी नाजूक: एका दांड्याभोवती तीन पातळ पट्ट्या, प्रत्येकीवर शिशाचं वजन. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, त्यासरशी दांड्यावरची चकती सरकून चामड्याच्या तुकड्याला घासते आणि वेग आवरला जातो. वीज नाही, काही नाही, नुसत्या तीन वजनांवर गाण्याचा सूर टिकतो. घड्याळजी रॉकेलचा बोळा फिरवत होते. लोखंडी बैठकीवर आधी एक आकडा दिसला, मग त्याच्यापाशी बारीक ठशातली अक्षरं. थोरेन्स. खाली स्वित्झर्लंड.

स्वित्झर्लंडचं सेंत-क्रुआ हे डोंगरातलं गाव संगीतपेट्यांचं. थोरेन्सचा कारखाना तिथे १८८३ साली निघाला तो त्या किणकिणत्या पेट्या करायला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी फोनो करायला घेतले. त्याच गावची पायार ही आणखी जुनी कंपनी. ही मंडळी स्वतःचे फोनो तर विकतच, पण सुट्या मोटरी, नळ्या, साउंडबॉक्सही जगभर पाठवत. ते घेऊन कुणीही आपली पेटी करावी, आपल्या दुकानाची पट्टी ठोकावी. बिननावाच्या फोनोंचं मूळ पुष्कळदा इथे असतं. ते वाचल्यावर माझा प्रश्नच बदलला. एवढे दिवस मी एक कंपनी शोधत होते. आता प्रत्येक भागाला वेगळं विचारायचं होतं: तू कुठला?

साउंडबॉक्सच्या पाठीवर, रबराच्या दगड झालेल्या कड्याखाली, 'मेड इन जर्मनी' निघालं, त्यापुढे काही नाही. त्याचा पडदा अभ्रकाचा. १९२५ साली विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कंपन्यांचे चांगले साउंडबॉक्स अॅल्युमिनियमच्या पडद्यांचे झाले. स्वस्तातल्यांत अभ्रक टिकून राहिला. तबकड्यांवरून फोनोचं वय काढायचा मोह मला झाला होता, पण तबकड्या लोक आयुष्यभर घेत राहतात. त्या बाजूला ठेवल्या.

राहिली पेटी. तिच्यासाठी मी तंतुवाद्यांच्या गल्लीत गेले. मिरजेत राहून लाकडाबद्दल दुसऱ्या कुणाला विचारायचं? शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतारी-तंबोरे करायला घेतले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आत्याच्या ओळखीचे एक चाचा तिथे पन्नास वर्षं तंबोरे करताहेत. मोटर काढलेली रिकामी पेटी रिक्षातून त्यांच्याकडे नेली.

चाचांनी पेटी मांडीवर घेतली. आतल्या, बिनपॉलिशच्या बाजूला नखाने खरवडून वास घेतला. "बाहेरून सागवान. सुतारकाम आहे, साधं, पण बरं." मग समोरची जाळी सरकवून आत हात घातला. कर्णा पत्र्याचा नव्हता, पातळ लाकडी फळ्यांचा, हळूहळू रुंदावत जाणारा. चाचांनी टिचकी मारली. आणखी एक मारली. बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"ताई, हे सुताराचं काम नाही," शेवटी म्हणाले. "ही तून आहे. आम्ही सतारीच्या दांडीला वापरतो ती. सरसाने जोडलीय. आणि हे बघा, फळी किती उतरवलीय. इकडे जाड, तोंडाशी पातळ. सुतार कशाला एवढा रंधा मारत बसेल? हे आवाजासाठी केलंय. हे आमच्याच गल्लीतलं काम आहे."

मी विचारलं, इतकी खात्री कशावरून. त्यांनी भिंतीला टांगलेल्या अर्धवट तंबोऱ्याची तबली, म्हणजे पुढची पातळ फळी, काढून माझ्या हातात दिली आणि टिचकी मारायला लावली. मग कर्ण्याला. दोन्ही आवाज एकसारखे होते असं मी म्हणणार नाही, माझा कान तेवढा तयार नाही. पण दोन्ही जागी टिचकीनंतर आवाज क्षणभर रेंगाळत होता. बाहेरच्या सागवानाला मारली तर तिथल्या तिथे मिटत होता.

त्या दिवशी घरी येऊन मी आत्याला हे सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली आणि अण्णांच्या जमाखर्चाच्या वह्यांचं गाठोडं घेऊन आली. "यात असेल काहीतरी. पण मोडीत आहे, मला येत नाही." मलाही येत नाही. कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने वाचून दिलं. अण्णांचं अक्षर घाईचं असलं तरी आकडे स्वच्छ आहेत, असं त्या म्हणाल्या, आणि दोन दिवसांनी त्यांनी फोनवर तीन नोंदी वाचून दाखवल्या. तिन्ही शके १८५३च्या, म्हणजे १९३१-३२ च्या. 'फोनोचे यंत्र, नळीसुद्धां, मुंबईहून, रुपये ३१ आणे ८.' त्यानंतर पंधरा दिवसांनी, 'फोनोचे पेटीबद्दल सुतारास रुपये ६.' आणि पुढच्या महिन्यात, 'कर्णा करविला, सतारवाल्यास रुपये २. चपडा व स्पिरिट आणे १२.'

शेवटच्या बारा आण्यांवर मी फार वेळ थांबले. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला फ्रेंच पॉलिश करतात. पॉलिश अण्णांनी स्वतःच केलं असणार, मजुरी कुठे लिहिलेली नाही. तबकडीही त्याच चपड्याची असते. लाखेत दगडाची पूड घालून दाबलेली. ती पूड मुद्दाम असते, पोलादी पिनेला घासून खाचेच्या मापाची करायला. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची असते. डबीतल्या पिना वापरलेल्या की कोऱ्या ते कळेना, म्हणून सगळ्या बाजूला काढून नव्या मागवल्या. तुमच्याकडे असा फोनो असेल तर पिनेत काटकसर करू नका, आणि प्लास्टिकच्या एलपी त्यावर चुकूनही लावू नका. एका फेरीत मातेरं होतं.

घड्याळजींनी ग्रीस बदललं, गव्हर्नरच्या चामड्याला तेल दिलं, साउंडबॉक्सची रबरी कडी नवी घातली. पेटी जुळली. राहिला वेग. तबकडीच्या कडेखाली कागदाचा चिटोरा अडकवायचा आणि मिनिटाला किती फेरे होतात ते मोजायचे, ७८ हवेत. दांडीला आकडे नव्हते, पण आता मला तो ओरखडा आठवला. अर्थातच ७८ ची खूण असणार! मी वहीतल्या 'खराबी'वर काट मारली, दांडी रेघेवर आणली, आणि आम्ही मोजलं. ८०. पुन्हा मोजलं. ८०. घड्याळजी म्हणाले, चामडं झिजलंय, खूण सरकली असेल, नवी रेघ ओढून देतो.

"थांब," आत्या मला म्हणाली. "अण्णा गाण्याबरोबर पेटी धरायचे."

पेटी घरातच आहे, आत्या अजून गुरुवारी भजनाला वाजवते. दहा तबकड्यांत एक ओडियन कंपनीची आहे, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची. खाँसाहेब मिरजेचे झाले होते. १९३७ साली गेले, त्याआधीच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी ओडियनला ध्वनिमुद्रणं दिली. अण्णांनी ती तबकडी वाजवून वाजवून पांढरी केली आहे. मी दांडी ७८ वर आणून ती लावली. आत्याने काळीवर बोट ठेवून षड्ज धरला. दोन सुरांमध्ये थरथर ऐकू येत होती. खाँसाहेब पेटीपेक्षा थोडे खाली होते. अर्ध्या सुराच्याही निम्म्याने. तेवढं अंतर कानाला बोचतं, आणि पेटीचा सूर तर हलवता येत नाही.

आत्याने भाता चालू ठेवला, मानेने खूण केली. मी दांडी हळूहळू रेघेकडे सरकवत नेली. थरथर मंदावत गेली आणि रेघेशी आल्यावर थांबली. भरघोस एकच सूर उरला, लाकडी कर्ण्यातून आणि पेटीतून मिळून आलेला.

बाकीच्या नऊ तबकड्याही आम्ही त्याच दिवशी एकेक करून लावून पाहिल्या. त्यांतल्या एकीलाही ती रेघ लागू पडत नाही.